बटाट्यांतला मोगरा

"हत्ती की चिप्स? हात वर करा!" साकेतने फर्मान काढलं.

"हत्ती!" पावनीने दोन्ही हात वर केले.

"दोन हात म्हणजे दोन मतं नव्हेत गं!" इरा म्हणाली. "चिप्स! साकेत, सुट्टी लागली की कारखाना दाखवतो असं तू कधीपासून सांगतोयस!"

दसऱ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. या दिवसांत म्हैसूरच्या रस्त्यांवर मिरवणुकीच्या हत्तींची रोज सकाळी तालीम चालते. वाटेत हत्ती आडवा आला म्हणून उशीर झाला, असं सांगितलं तर शाळेतल्या बाईंनाही विश्वास ठेवावा लागेल. पण नेमकी तेव्हाच शाळा बंद असते, आणि इतकी सुंदर सबब दरवर्षी फुकट जाते!

साकेतने आपलं मत चिप्सच्या पारड्यात टाकलं आणि प्रश्न मिटला. कारखाना त्याच्या आणि बहीण पावनीच्या अज्जांचा, म्हणजे आजोबा वेंकोबारावांचा होता. हे घराणं इतक्या पिढ्या म्हैसुरात राहिलेलं, की त्यांच्या मराठीत कानडी लोणच्यातल्या मिठासारखी मुरली होती. इरा मात्र पुण्याची. आईच्या नोकरीपायी दोन वर्षांपूर्वी इकडे आलेली.

"ही मराठी बोलते की बातम्या देते?" पावनी तिला नेहमी चिडवायची.

"आणि तू मराठी बोलतेस की कानडीला मराठी झबलं घालतेस?" इराही सोडायची नाही.

कारखान्याच्या फाटकाशी वेंकोबाराव काठी टेकत उभेच होते. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांची फेरी हॉलपुरतीच उरली होती, पण आवाज अजून असा, की इथे हेब्बाळमध्ये शिंकले तर चामुंडी टेकडीवरचा दगडी नंदी कान हलवील!

"या, या! बेगा बेगा! यंत्र काय तुमच्यासाठी थांबतंय होय?"

आत गडगडाट चालू होता. भिंतीतल्या एका चौकोनी भोकातून बटाटे धडाधड उतरत्या पन्हळीवर येत होते आणि पाण्याच्या हौदात डुबुक डुबुक बुडत होते.

"त्या भिंतीपलीकडे गार खोली," अज्जांनी काठीने दाखवलं. "आत मोठं नरसाळं आहे. सकाळी त्यात बटाटे भरून ठेवायचे. इकडून ही तरफ ओढली की भोक उघडतं आणि आले खाली! इथे अंघोळ, मग तिकडे हजामत!"

हजामत करणारा ड्रम आतून खरखरीत होता. बटाटा त्यात गरगर फिरायचा आणि साल सोडून गोरापान होऊन बाहेर पडायचा. एकदा म्हणे त्यात एका इन्स्पेक्टरसाहेबांची केसाळ टोपी पडली, ती टक्कल घेऊन बाहेर आली! पुढे काप करणारं यंत्र. एका डोळ्याची पापणी लवते न लवते तोच अख्ख्या बटाट्याच्या चकत्या! त्या पुन्हा पाण्यात धुवायच्या.

"पुन्हा का?" इराने विचारलं.

"अगं, कापल्यावर पीठ सुटतं ना वरती! ते राहिलं तर चकत्या एकमेकींना बिलगून बसतात, तुम्ही तिघं बसता तशा. मग पाणी झटकायचं आणि तेलात सोडायच्या. चिप्स म्हणजे दुसरं काय? बटाट्यातलं पाणी हाकलून द्यायचं. पाणी गेलं की कुरकुर सुरू!"

"आणि पुडीत एवढी हवा भरून लोकांना फसवायचं!" साकेत म्हणाला.

"ए गाढवा! हवा नव्हे, नायट्रोजन. हवा राहिली तर तेल खवट होतं. शिवाय ती गादी असते. गादीशिवाय पाठवले तर हुणसूरला पोचेपर्यंत चिप्सचा रवा होईल!"

सगळे हसले. पण कढईजवळ पोचले आणि हसू विरलं.

कढई कसली ती, एखादी म्हैस आरामात डुंबेल एवढं तेलाचं डबकं! तिच्या काठावर लांब दांड्याचा झारा घेऊन कृष्णवेणी अक्का उभी होती. पाणी सुटायचा आवाज मंदावला आणि चकत्या सोनेरी झाल्या, की झाऱ्याच्या एका फेरीत त्या बाहेर काढायच्या, हे तिचं काम. ते ती इतकी वर्षं करत होती, की तळणीचा रंग ती पाठ फिरवूनसुद्धा सांगेल, असं लोक म्हणायचे.

आज मात्र तिने झारा वर काढला आणि सगळे वाकून बघायला लागले. चकत्या तपकिरी होत्या. काही तर कडेने पार काळ्या!

"परत तेच!" मॅनेजर शंभूराव हात हलवत पुढे आले. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा खुळखुळायचा की बैलगाडी आल्याचा भास व्हावा. "धनी, मी म्हणत नव्हतो? अक्काची नजर गेली! सोनेरी कधी झाले ते तिला दिसतच नाही. दसऱ्याच्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर हे काळे कोळसे ठेवायचे का आपण?"

"शंभूअण्णा, मी लवकर काढलेत. नोडी, मधे अजून ओलसर आहेत," अक्का म्हणाली. एरवी तिचा आवाज कढईपेक्षा जास्त तडतडायचा. आज तो अगदी बारीक झाला होता. "तरी काळे कसे होतात... काय माहीत. खरंच डोळेच गेले असतील माझे."

वेंकोबारावांनी एक चकती तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. कडू!

"अक्का," ते खाली बघत म्हणाले, "आयुधपूजेपर्यंत राहा. मग विश्रांती घे. मुलाकडे जा, हुणसूरला. नवा माणूस बघितलाय शंभूने."

अक्काने झाऱ्यावरची पकड घट्ट केली.

दोन वर्षांपूर्वी इरा इथे आली तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. गल्लीतल्या मुली खेळायला हाका मारायच्या आणि ही दाराआड लपून बसायची. शेजारच्या खोलीत राहणारी अक्का एका संध्याकाळी आली, हिचा हात धरून सरळ मुलींच्या घोळक्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "ही माझी मगू, माझं लेकरू. हिला भाषा येत नाही, पळता येतं. आधी पळापळी खेळा!" त्या दिवसापासून इराला हे गाव आपलं वाटायला लागलं. आणि तीच अक्का गाव सोडून जाणार?

बाहेर आल्याआल्या इराने दोघांना थांबवलं.

"अक्काचे डोळे ठणठणीत आहेत! काल संध्याकाळी गच्चीवरून तिने मला ओळखलं. मी पार चौकात होते! माझ्या वेणीची रिबन सुटलीय हेसुद्धा सांगितलं!"

"मग तेल खराब असेल," साकेत म्हणाला.

"तेल सकाळीच नवीन ओतलं, मी बघितलं ना," पावनी म्हणाली. "डोळे नाही, तेल नाही, मग उरलं एनु? बटाटा!"

"पावनी, तू कधीकधी हुशार असतेस," साकेत म्हणाला.

"तू कधीच नसतोस!"

पन्हळीखाली घरंगळलेले दोन बटाटे पावनीने फ्रॉकच्या खिशात घातले आणि तिघं घरी धावली. साकेतची आई दुपारच्या चहाला भजी तळत होती. तिची मनधरणी करायला फार वेळ लागला नाही, कारण पावनीने रडायची धमकी दिली. पावनीचं रडणं एकदा सुरू झालं की कावेरीला पूर आला म्हणून लोक धान्य माळ्यावर ठेवतात!

घरच्या टोपलीतला एक बटाटा आणि कारखान्यातला एक. एकाच सुरीने काप, एकाच पाण्यात धुतलेले, एकाच कढईत, एकाच वेळी सोडलेले. फक्त कारखान्यातल्या चकत्यांना इराने मधोमध भोक पाडलं होतं, म्हणजे अदलाबदल व्हायला नको.

आईने झारा उचलला. आणि तिघंही ओरडली!

बिनभोकाच्या चकत्या सोनेरी. भोकाच्या तपकिरी!

"अय्यो, हे काय गं?" आईसुद्धा चकित झाली.

साकेतने कारखान्याचा उरलेला कच्चा बटाटा चाटून बघितला. मग चावून. मग त्याचे डोळे मोठे झाले.

"गोड आहे! हा बटाटा गोड लागतोय!"

"दे इकडे!" पावनीने तो हिसकावून नाकाशी नेला आणि थबकली. तिने आपला खिसा हुंगला. पुन्हा बटाटा हुंगला. "ए... ह्याला मल्लिगेचा वास येतोय."

"मोगऱ्याचा? बटाट्याला?" इराने नाक लावलं. वास अगदी पुसट होता, पण होता. म्हैसूरचा मोगरा! तो वास चुकणं शक्यच नव्हतं.

तिघं परत कारखान्यात धावली. पण शंभूराव दारातच भेटले.

"घरच्या कढईतला खेळ आणि कारखाना एकच का रे पोरांनो? बटाटा म्हणजे बटाटा! मोगरा काय, मोगरा! उद्या म्हणाल कांद्याला गुलाबाचा वास येतो!"

"काका, गार खोली बघू द्या ना," इरा म्हणाली.

"मुळीच नाही! तिथे बटाट्यांशिवाय काहीही नाही!" शंभूराव असे दचकून बोलले, की जुडग्यातल्या किल्ल्या आपोआप खुळखुळल्या.

अज्जांकडे गेली तर ते हिशेबनिसाशी बोलत होते. "गार खोली? दहा अंशांवर ठेवलीय. दहाच्या खाली न्यायची नाही, हा माझा नियम आहे पहिल्यापासून. शंभू रोज बघतो. शंभू सांगतो म्हणजे दहाच! जा, सुम्ने उगीच त्रास देऊ नका."

"बघतो म्हणे," बाहेर येऊन साकेत पुटपुटला. "आपण बघू!"

दुसरा दिवस आयुधपूजेच्या आदला. कारखान्यात यंत्रं पुसायची लगबग होती. जेवणाची घंटा झाली, कामगार डबे घेऊन झाडाखाली गेले, पट्टे थांबले. तिघं मागच्या बाजूला रिकाम्या पोत्यांच्या ढिगात दडून बसली होती. तिघांचेही फक्त डोळे दिसत होते, आणि पावनीच्या नाकात पोत्याचा धागा जाऊन ती सारखी शिंक गिळत होती.

फट्‌फट्‌ करत एक मालरिक्षा आली. आणि तिच्याबरोबर आला वास. असा वास, की रस्त्यावरच्या माश्यांनीसुद्धा केसांत गजरा माळल्यासारखी मान डोलवावी!

शंभूरावांनी गार खोलीचं मागचं दार उघडलं. रिक्षातून केळीच्या पानांनी झाकलेल्या टोपल्या आत जायला लागल्या.

"तुमच्या मेहुण्यांनी सांगितलंय, पहाटे मार्केट उघडायच्या आत न्यायला येतो," रिक्षावाला म्हणाला. "आणि काल कळ्या थोड्या उमलल्या म्हणे. अजून गार ठेवा म्हणाले."

"अजून गार?" शंभूरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, गणपतीपासून ठेवतोय! बायकोचा भाऊ म्हणून नाही म्हणता येत नाही. बरं, चला, शेवटची टोपली!"

दोघं रिक्षाकडे वळले.

"आता!" साकेत म्हणाला. तीन पोती उठून दुडुदुडु आत शिरली आणि बटाट्यांच्या थप्पीआड बसली. शेवटची टोपली आली. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दार धाडकन बंद! बाहेरून किल्ली फिरली. खुळखुळाट दूर गेला.

"हं. आता आतून कडी उघडायची आणि पळायचं," इरा म्हणाली.

साकेतने कडी ओढली. कडी त्याच्या हातात आली! ती मोडलेलीच होती, आणि शंभूरावांच्या "उद्या बघू"च्या यादीत कितीतरी दिवस पडून होती.

"फोन कर!"

"भिंती एवढ्या जाड, रेंज कुठली!"

दारावर तिघांनी बुक्के मारले. पण वर पंख्यांची घरघर, आणि दार असं गुबगुबीत की बुक्का जणू उशीत मारावा. तोंडातून वाफा निघायला लागल्या. पावनीचे दात वाजू लागले. पण रडली नाही हं ती! "रडले तर डोळ्यांतच बर्फ होईल," एवढंच म्हणाली.

भिंतीवर एक हिरवा आकडा चमकत होता. इराने जवळ जाऊन बघितला.

"चार! अज्जांनी दहा सांगितलंय, इथे चार आहे!"

"फुलांना गार पाहिजे म्हणून शंभूकाकांनी बटाट्यांनाही कुडकुडत ठेवलंय!" साकेत म्हणाला. "पण आता बाहेर कसं जायचं?"

तिघांनी पोती नीट गुंडाळून घेतली. पावनी त्या मोठ्या नरसाळ्यापाशी गेली. बटाट्यांनी ते अर्धं भरलं होतं आणि तळाशी भोकाची झडप होती.

"जेवण झालं की बाहेरून तरफ ओढतील ना? मग मी बटाट्यांबरोबर गडगडत जाते!"

"आणि हौदातून थेट हजामतीच्या ड्रममध्ये!" साकेत ओरडला. "सोललेली बहीण घेऊन मी आईला काय सांगू? शिवाय हात जाईल एवढंच भोक आहे ते. मागे हो!"

"ओरडू या का भोकातून?"

"यंत्र सुरू झाल्यावर कोण ऐकणार?" इरा म्हणाली. ती बटाट्यांकडे बघत होती. मग टोपल्यांकडे. "बटाटे पाण्यात बुडतात. बरोबर? फुलं काय करतात?"

तिघांनी एकदम टोपल्यांवर झडप घातली!

बाहेर घंटा झाली. तरफ खाली आली. भोक उघडलं, बटाटे गडगडले, आणि त्यांच्यामागून मोगऱ्याच्या माळा! ओंजळीच्या ओंजळी! पोरं अशी फुलं ओतत होती, की राजवाड्यातल्या सणालाही कधी एवढा वर्षाव झाला नसेल!

हौदावरच्या कामगाराने आधी डोळे चोळले. बटाटे नेहमीसारखे तळाला गेले होते आणि वर पांढरीशुभ्र फुलं तरंगत होती. सगळा हौद दरवळत होता.

"चामुंडी तायी!" तो किंचाळला आणि त्याने यंत्र थांबवून हात जोडले. "नवरात्रात देवी आली! बटाट्यांतून देवी आली!"

बघता बघता सगळा कारखाना गोळा झाला. कुणी चपला काढल्या, कुणी गालांवर चापट्या मारून घेतल्या. एकाने डब्यातलं लिंबू आणून हौदाच्या काठावर ठेवलं. वेंकोबारावही काठी ठोकत आले. शंभूराव धापा टाकत पोचले, आणि फुलं बघून त्यांचा चेहरा त्या फुलांहून पांढरा झाला.

"हो, हो! चमत्कार! साक्षात चमत्कार!" ते घाईघाईने म्हणाले. "नमस्कार करा आणि आपापल्या कामाला लागा!"

कृष्णवेणी अक्का कढई सोडून आली होती. तिने पाण्यातून एक माळ उचलली. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवलेली, दोन्ही टोकांना पक्की गाठ. म्हैसूरच्या बाजारात फुलं हाताच्या लांबीने मोजून विकतात, त्या मापाला मोळ म्हणतात. अक्काने माळ कोपरापासून बोटापर्यंत धरून बघितली.

"बरोबर एक मोळ!" ती म्हणाली. "काय हो शंभूअण्णा, देवी कधीपासून मोळाने मोजून फुलं पाठवायला लागली?"

एकजण फिस्सकन हसला. शंभूराव काही बोलणार, तोच भोकातून एक हात बाहेर आला. गजरा गुंडाळलेला, गारठून लाल झालेला छोटासा हात! तो बोटं हलवत होता.

"हे... हे देवीचं नव्हे!" अक्का ओरडली. "हे पावनीचं! ही बांगडी मीच घातलीय तिला! दार उघडा! किल्ली!"

वेंकोबाराव असे गरजले की नंदीने या वेळी नुसते कान हलवले नसतील, उठून उभाच राहिला असेल! शंभूरावांच्या हातून जुडगा दोनदा पडला. अक्कानेच तो उचलून दार उघडलं. आत पोतं पांघरलेली तीन भुतं, केसांत, कानांत, कॉलरमध्ये मोगरा!

अक्काने तिघांना एकदम कवेत घेतलं आणि कढईच्या उबेला नेऊन बसवलं. तिघांचे हात ती आळीपाळीने चोळत राहिली. अज्जांनी आधी तिघांच्याही कपाळाला हात लावून बघितला, मग रागवायला तोंड उघडलं. पण इराने आधीच सांगून टाकलं:

"अज्जा, गार खोली चारवर आहे!"

वेंकोबाराव काठी न टेकता, गुडघे विसरून, गार खोलीत गेले. हिरवा आकडा बघितला. टोपल्या बघितल्या. एक बटाटा चावला.

"शंभू," ते बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले. ओरडण्यापेक्षा ते भयंकर होतं. "बटाट्याला फार थंडी वाजली की तो काय करतो ठाऊक आहे? आपल्या पिठाची साखर करतो. आणि साखर तेलात पडली की काय होते?"

"ज... जळते," शंभूराव म्हणाले. "पण धनी, मला वाटलं गारव्यात फुलंही ताजी आणि बटाटेही जास्त ताजे! घरी फ्रीजमध्ये ठेवतोच की आम्ही! दोघांचं भलं होईल म्हणून..."

"आणि मी विचारलं की दहा म्हणून सांगत होतास!"

"चुकलं, धनी. मेहुण्याला नाही म्हणायचं धाडस होत नव्हतं आणि तुम्हाला खरं सांगायचं तर त्याहून नव्हतं."

साकेतने घरच्या कढईतला प्रयोग सांगितला. भोकाच्या चकत्या आणि बिनभोकाच्या चकत्या! हिशेबनीससुद्धा टाळ्या वाजवायला लागले.

"शाबास!" अज्जा म्हणाले. "मला शंका आली, मी माणसावर घेतली. तुम्हाला शंका आली, तुम्ही तपासून बघितली. माझे केस उगीच पांढरे झाले!" मग आवाज चढवून: "पण पुन्हा बंद खोलीत न सांगता शिरलात तर तिघांनाही ड्रममध्ये सोलीन! आणि ती कडी आज, आत्ता बसवायची, शंभू!"

त्यानंतर ते कढईकडे वळले. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की तेलाचा बुडबुडाही जपून फुटला.

"कृष्णवेणी," वेंकोबारावांनी हात जोडले. "चूक शंभूची होती, पण शिक्षा मी तुला दिली. न बघता दिली. तुझ्या डोळ्यांना नावं ठेवली. माफ कर."

अक्काने पदर डोळ्यांना लावला आणि तशीच मान हलवत राहिली.

आयुधपूजेच्या सकाळी कारखाना नवरीसारखा सजला. ड्रमला गंध, पन्हळीला हळदकुंकू, कढईच्या काठाला मोगऱ्याच्या माळा. मेहुण्यांनी शरमून सगळी फुलं पूजेला दिली होती, आणि त्या माळा लावायचं काम शंभूरावांकडे होतं. शिडीवर चढून ते घामाघूम झाले होते आणि खालून पावनी हुकूम सोडत होती: "डावीकडे! अजून डावीकडे! काका, हत्ती सजवायला याच्यापेक्षा कमी वेळ लागतो!"

गोड झालेले बटाटेही वाया गेले नाहीत. थोड्यांची भाजी झाली आणि कामगारांसाठी डोशांच्या तव्याशेजारी तिचं पातेलं चढलं. बाकीची पोती उबदार शेडमध्ये गेली. तिथे काही दिवस राहिले की त्यांची बरीचशी साखर पुन्हा पीठ होते, असं अज्जांनी सांगितलं. आणि पहाटेच हासनहून ताज्या बटाट्यांचा ट्रक येऊन उभा होता.

यंत्रांपुढे कोहळा फुटला. आरती झाली. मग वेंकोबारावांनी सगळ्यांसमोर तिन्ही मुलांना पुढे बोलावलं.

"काय बक्षीस पाहिजे, मागा! आज मी नाही म्हणणार नाही."

"अक्काला हुणसूरला पाठवायचं नाही!" तिघं एका सुरात म्हणाली.

"ते बक्षीस तुमचं कुठे? ते तर माझं आहे!" अज्जा म्हणाले. "कृष्णवेणी, पहिली तळणी तूच काढायची. आजच नव्हे, तुझ्या मनाला येईल तोवर."

मुहूर्ताच्या चकत्या तेलात पडल्या. छर्र! सगळे कढईभोवती जमले. अक्काने झारा हातात घेतला, आणि तो तेलावर तसाच धरून ती थांबली. इतके दिवस ऐकलेलं मनातून इतक्या सहजी जातं होय? तिने एकदा वेंकोबारावांकडे पाहिलं, एकदा तेलाकडे.

"काढू का, धनी?"

वेंकोबारावांनी सरळ कढईकडे पाठ फिरवली. "मला कशाला विचारतेस? तुला दिसतंय ना!"

त्यांचं बघून शंभूरावांनी शिडीवरच तोंड फिरवलं. मग हौदावरच्या कामगाराने, मग हिशेबनिसांनी. एकेक करून सगळ्या कारखान्याने पाठ फिरवली. फक्त तीन मुलं तशीच राहिली, आणि इराने अक्काच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

तडतड मंदावली. अक्काने श्वास घेतला. झारा खाली गेला, वळला, वर आला.

"बघा आता!" ती म्हणाली. आवाज पुन्हा कढईवर चढला होता.

सगळे वळले. झाऱ्यात सोन्याच्या नाण्यांसारख्या चकत्या निथळत होत्या. एकही काळी नाही! टाळ्यांनी पत्रे थरथरले. अक्काने इराचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मग साकेतचं, मग पावनीचं.

"मी मगू म्हटलं होतं हिला," ती म्हणाली. "मला वाटलं मी हिला सांभाळते. देवा, तू तर तीन-तीन दिलीस मला सांभाळायला!" आणि ती वाटेल तशी रडायला लागली, हसत हसत, झारा हातातच.

"अक्का, बाजूला होऊन रड ना!" पावनी ओरडली. "चिप्सवर पडतंय सगळं, मीठ जास्त होईल!"